गाडीमागची चूल: चक वॅगन ते कॅम्पर ट्रेलर

विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी मला विचारलंच, की इतिहासाच्या व्याख्यानात स्वयंपाकाचं काय काम? तर सुरुवात एका फोटोपासून करू. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरातलं कुणी ना कुणी अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात असेल. सुट्टीचे फोटो येतात. मोटारीमागे जोडलेला एक छोटा ट्रेलर, त्याच्या बाजूने ताणलेलं कापडी छप्पर, त्याखाली घडीचं टेबल, टेबलावर दोन बर्नरची शेगडी, आणि भाचेसून पोहे परततेय. मागे उंच झाडं. आपण म्हणतो, मजा आहे बुवा.

आता त्या फोटोकडे जरा वेगळ्या नजरेनं बघा. ट्रेलर एका ठरलेल्या खाचेत तिरका उभा आहे. टेबल आणि आगटी यांची जागा आधीपासून ठरलेली आहे, आपण ती हलवू शकत नाही. शेजारचं कुटुंब पन्नास पावलांवर असेल, पण मधे झुडपं आहेत. हे सगळं आपोआप झालेलं नाही. कुणीतरी, कधीतरी, काही कारणानं ते ठरवलं. आणि काही लोकांना त्या फोटोत येण्याची परवानगीच नव्हती. आज मला त्याबद्दल बोलायचंय.

सुरुवात १८६६ सालापासून. अमेरिकेतलं यादवी युद्ध नुकतंच संपलंय. टेक्सासमध्ये गुरं उदंड झालीत आणि तिथे त्यांना गिऱ्हाईक नाही. चार्ल्स गुडनाइट नावाचा एक गुराखी आणि ऑलिव्हर लव्हिंग हा त्याचा वयानं मोठा भागीदार, दोघं ठरवतात की सुमारे दोन हजार जनावरं हाकत न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट समनरला न्यायची. तिथे गिऱ्हाईक कोण? अमेरिकन सरकार. कारण शेजारच्या बॉस्के रेदोंदो इथं सरकारनं नवाहो लोकांना, आठ हजारांहून जास्त माणसांना, त्यांच्या मुलुखातून शेकडो मैल चालवत आणून डांबलं होतं. तिथली पिकं बुडाली, माणसं उपाशी मरायला लागली, म्हणून सरकारला मांस विकत घ्यावं लागत होतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण गुराख्यांच्या गोष्टी रंगवून सांगताना हा भाग हमखास गळतो.

तर वाट आठवड्यांची. वाटेत गाव नाही, दुकान नाही. तोवर प्रत्येक गुराखी आपला शिधा खोगिराला बांधून न्यायचा. गुडनाइटनं काय केलं, लष्करी वापराची एक दणकट गाडी घेतली आणि तिच्या मागच्या टोकाला एक उभी लाकडी पेटी बसवली. आपल्याकडच्या मिसळणाच्या डब्याचं मोठं भावंड म्हणा. आत खण आणि कप्पे: पीठ, साखर, कॉफी, घेवड्याच्या जातीच्या शेंगांचे वाळलेले दाणे, मीठ, शिवाय औषधं, सुईदोरा, दाढीचं सामान. पेटीचं झाकण खालच्या बाजूला बिजागऱ्यांवर. ते आडवं पाडलं, खाली एक पाय टेकवला, की झालं टेबल. गाडीच्या कुशीला पाण्याचं पिंप. मागच्या बाजूने कापड ताणलं की स्वयंपाक्याच्या डोक्यावर सावली. या गाडीला नाव पडलं चक वॅगन. चक म्हणजे त्यांच्या बोलीत जेवण.

गाडीच्या पोटाखाली एक कच्चं कातडं झोळीसारखं बांधलेलं असायचं. त्यात वाटेत मिळेल ते सरपण टाकत जायचं. आणि त्या माळरानावर झाडं कमी, म्हणून झोळीत काय असायचं? वाळलेलं शेण. आपल्याकडच्या बायकांना याचं काही नवल वाटणार नाही, पण टेक्सासच्या बाप्यांना शेणी वेचायला लागायच्या आणि ते त्यांना फारसं आवडत नसे.

स्वयंपाकी गुरांच्या पुढे निघायचा, म्हणजे कळप पोचेपर्यंत मुक्कामावर चूल पेटलेली असायची. पहाटे सगळ्यांच्या आधी तोच उठायचा. त्याचा पगार साध्या गुराख्यापेक्षा जास्त होता, आणि गाडीभोवती त्याचं राज्य. घोड्यावरून येणाऱ्यानं वाऱ्याच्या खालच्या अंगानं यायचं, म्हणजे धूळ जेवणात उडणार नाही. घोडा गाडीला बांधायचा नाही. पेटीचं झाकण हे त्याचं टेबल, त्यावर कुणी ताट ठेवून जेवायचं नाही. आणि रात्री झोपण्यापूर्वी तो गाडीची दांडी ध्रुवताऱ्याकडे वळवून ठेवायचा, म्हणजे सकाळी आभाळ भरलेलं असलं तरी दिशा कळेल. चूल आणि होकायंत्र एकाच गाडीत.

मधली चाळीस वर्षं मी सोडतो. काटेरी तारा आल्या, रेल्वे आली, लांबच्या वाटांवरून गुरं हाकणं संपलं.

१९०८ मध्ये फोर्डची मॉडेल टी आली आणि पुढच्या पंधरा वर्षांत ती मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात १९०७ साली मोटारींना बंदी घातली होती, १९१३ साली ती उठवावी लागली. लोक मोटारीला तंबू टेकवून, मडगार्डवर डबे बांधून निघाले. १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टँपा इथं अशा प्रवाशांनी चक्क संघटना काढली, नाव टिन कॅन टूरिस्ट्स. सभासद असल्याची खूण म्हणजे रेडिएटरच्या टोपीवर डाग देऊन बसवलेला सूपचा रिकामा डबा.

दुसरीकडे हेन्री फोर्ड, थॉमस एडिसन, टायरवाले हार्वे फायरस्टोन आणि निसर्गलेखक जॉन बरोज ही मंडळी दर उन्हाळ्यात साधेपणानं रानात राहायला जायची. १९१९ च्या सहलीत त्यांच्याबरोबर खास बनवलेली स्वयंपाकाची मोटार होती, तिच्यात पेट्रोलवर चालणारी शेगडी आणि बर्फाची पेटी, आणि अर्थात स्वयंपाकी. त्या साधेपणाला बरोबर सुमारे पन्नास वाहनं लागली. (हशा)

शेगडीचा मात्र स्वतंत्र विचार करायला हवा. १८९२ मध्ये स्वीडनच्या फ्रान्स लिंडक्विस्टनं काजळी न धरणारा, पंप मारून चालणारा रॉकेलचा स्टो बनवला. प्रायमस. पुढे आपल्या घराघरांत फरफर करणारा आणि पिन मारल्याशिवाय न चालणारा स्टो तो हाच, किंवा त्याची भावंडं. इथं बसलेल्या ज्येष्ठांच्या नाकात तो वास अजून असेल. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या विचिटाच्या कोलमन कंपनीनं १९२३ मध्ये पेट्रोलवर चालणारी, सुटकेससारखी मिटणारी कॅम्पची शेगडी बाजारात आणली. तत्त्व तेच: टाकीत हवेचा दाब, तापलेल्या नळीतून इंधनाची वाफ, निळी ज्योत. आता सरपण वेचायला नको, जमीन काळी होत नाही. पण सगळ्यांनी ती घेतली नाही. रानात गेल्यावर धगधगती आग हवीच, असं बहुतेकांना वाटायचं.

आणि इथंच खरी अडचण झाली. १९२० च्या दशकात कॅम्पिंग म्हणजे काय होतं? मोठं मैदान किंवा झाडांची राई दाखवायची आणि सांगायचं, जा. लोक मोटार वाटेल तिथून घालायचे, सगळ्यांत जुन्या, सगळ्यांत मोठ्या झाडाला खेटून लावायचे आणि बुंध्याजवळ चूल मांडायचे. दर आठवड्याला नवी चूल, नव्या जागी. कॅलिफोर्नियातले रेडवुड आणि सिक्वोया वृक्ष, ज्यांनी हजार हजार वर्षं वणवे आणि वादळं पाहिली, ते या राया पाहायला आलेल्या माणसांमुळे धोक्यात आलेत, हे मांडलं एमिलिओ मायनेके या माणसानं. तो सरकारी वनखात्यातला वनस्पतिरोगतज्ज्ञ. बुरशी नाही, कीड नाही, मग रोग कोणता? रोग म्हणजे पाय आणि चाकं. या झाडांची मुळं उथळ, लांबवर पसरलेली. वरची माती तुडवली, घट्ट झाली, की पाणी आणि हवा आत जात नाही. बारीक मुळं मरतात. झाड लगेच पडत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

उपाय म्हणून माणसांना बंदी घाला, असं तो म्हणाला नाही. हे मला त्याचं मोठेपण वाटतं. १९३२ मध्ये त्यानं कॅम्पच्या जागांच्या धोरणावर एक छोटी पुस्तिका लिहिली. त्यात म्हटलं, चाक कुठं थांबेल ते आपण ठरवू. अरुंद, एकेरी, वळसा घालून येणारा रस्ता. त्याला तिरक्या खाचा, एका मोटारीपुरत्या. खाचेच्या कडेला मोठे दगड किंवा ओंडके, म्हणजे मोटार पुढे सरकूच नये. आणि शेजारी तंबूची जागा, एक टेबल, एक आगटी. टेबल आणि आगटी जागची हलणार नाही अशी पक्की. म्हणजे माणसं कुठं तुडवतील तेही ठरलं. दोन कुटुंबांच्या मधली झुडपं राखायची, त्यानं आडोसा मिळतो आणि मुळंही वाचतात. १९३३ मध्ये रूझवेल्टच्या सरकारनं बेकार तरुणांची सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर उभी केली. त्या पोरांच्या हातांनी हा आराखडा देशभर दगडमातीत उतरला. भाचेसुनेच्या फोटोतली ती तिरकी खाच आणि न हलणारं टेबल मायनेकेचं.

इथं व्याख्यान संपवलं असतं तर गोष्ट छान झाली असती. पण त्याच वर्षांत त्याच रस्त्यांवरून आणखी माणसं चालली होती.

मंदी आणि धुळीच्या वादळांनी शेती गेलेली ओक्लाहोमा, टेक्सास, आर्कान्सा इकडची कुटुंबं भंगार मोटारीवर गाद्या, भांडी, शेगडी बांधून कॅलिफोर्नियात वाटाणा, कापूस वेचायला आली. १९३६ च्या मार्चमध्ये डोरोथिया लँगनं निपोमोच्या वाटाणा वेचणाऱ्यांच्या तळावर एका आईचा फोटो काढला, तो जगभर गाजला. ते कुटुंब तिथं थांबलं होतं कारण मोटार बिघडली होती. सामान तेच बघा: मोटार, तिला टेकवलेलं कापड, उघड्यावर स्वयंपाक. एकाला म्हणायचं सहल, दुसऱ्याला म्हणायचं अतिक्रमण. सहलीच्या मंडळींना खाच आणि टेबल मिळालं, यांना बहुतेक ठिकाणी पोलिसांनी हाकललं. १९३६ मध्ये आर्विनजवळ सरकारनं यांच्यासाठी तळ उभारला, त्यात संडास, अंघोळीची, धुण्याची सोय केली. स्टाइनबेकनं कादंबरीसाठी जे पाहिलं त्यात हा तळ होता. पण असे तळ गरजेच्या मानानं फार थोडे.

हे सांगताना मला बीडकडचे ऊसतोड कामगार आठवल्याशिवाय राहत नाहीत. दिवाळीच्या सुमारास टायरगाडीत बिऱ्हाड भरून निघायचं, कारखान्याच्या हद्दीत कोपी उभारायची, समोर तीन दगडांची चूल. बाई पहाटे तीनला उठून भाकऱ्या थापणार आणि मग उसाच्या फडात जाणार. रस्त्यावरून जाताना आपण ते पाहतो. फोटो काढत नाही.

तिसरे प्रवासी कृष्णवर्णीय अमेरिकन. त्यांच्यातल्या ज्यांच्याकडे मोटार होती ते डबे, पाणी, शेगडी, पांघरुणं सगळं घेऊन निघायचे. हौसेसाठी नव्हे. वाटेतल्या बहुतेक खानावळी, विशेषतः दक्षिणेत, त्यांना वाढणार नव्हत्या, लॉज खोली देणार नव्हते. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये राहणारा व्हिक्टर ग्रीन हा टपाल खात्यातला नोकर. त्यानं १९३६ पासून ग्रीन बुक काढायला सुरुवात केली, कुठल्या गावात कुठे जेवण मिळेल, कुठे झोपता येईल याची यादी. आणि राष्ट्रीय उद्यानं? व्हर्जिनियातल्या शेनँडोआ उद्यानात १९३९ साली लुइस माउंटन नावाची जागा खुली झाली. फक्त कृष्णवर्णीयांसाठी, आणि तसं फलकावर लिहिलेलं. व्यवस्थित खाचा, व्यवस्थित टेबलं, नीट आगट्या. मायनेकेच्या आराखड्यात कुणाची मोटार कुठे थांबेल हे ठरवण्याची जी ताकद होती, ती इथं अशी वापरली गेली. १९५० पर्यंत त्या उद्यानातला हा भेद संपला. लुइस माउंटनचा कॅम्प आजही चालू आहे, आता तिथं कुणीही जाऊ शकतं.

ट्रेलरचं राहिलं. १९३० च्या दशकात लोक घरीच छोटे ट्रेलर बांधायला लागले. त्यांतला एक प्रकार पाण्याच्या थेंबाच्या आकाराचा, म्हणून टीअरड्रॉप. यंत्रकामाच्या मासिकांत त्याचे आराखडे छापून यायचे. आत फक्त दोन माणसं झोपतील एवढी जागा. स्वयंपाक बाहेर: मागचं झाकण वर उचललं की आत ओटा, कप्पे, शेगडीची जागा. ही गुडनाइटचीच पेटी. फरक एवढाच, त्याचं झाकण खाली पडून टेबल व्हायचं, याचं झाकण वर जाऊन छप्पर होतं. पुढे गॅसच्या टाक्या आल्या, ओटा रुळांवर सरकून बाजूला येऊ लागला.

वेळ होत आलीय. एक चिठ्ठी आलीय, ती घेतो. विचारलंय, भारतात असा ट्रेलर केला तर स्वयंपाक कुठल्या बाजूला ठेवावा?

डावीकडे. रस्त्याकडेला थांबलात तर आपली डावी बाजू रहदारीच्या उलट अंगाला येते. ऑस्ट्रेलियात तेच, म्हणून तिथल्या ट्रेलरचं दार आणि छप्पर डावीकडे असतं. अमेरिकेत उजवीकडे. अमेरिकन ट्रेलर ऑस्ट्रेलियात नेला तर दार दुसऱ्या बाजूला काढून घ्यावं लागतं. गुडनाइटला हा प्रश्न पडला नव्हता, त्याच्या वेळी रस्ताच नव्हता. तो फक्त वारा बघायचा, आणि ते तुम्हीही बघा. शेगडी लावण्याआधी चिमूटभर माती वरून सोडा, कुठे उडते ते कळेल.