तळटीप : गोदीवरचा अधांतरी लोहमार्ग

मूळ लेखकाने ओझरता निर्देश केलेली ही आगगाडी म्हणजे ‘लिव्हरपूल ओव्हरहेड रेल्वे’ होय. मर्सी नदीकाठच्या गोद्यांलगतचा रस्ता मालगाड्या, घोडागाड्या व हमाल यांनी इतका गजबजलेला असे की, प्रवाशांची तजवीज जमिनीवर करणे दुष्कर ठरून, सर डग्लस फॉक्स व ग्रेटहेड या अभियंत्यांनी लोखंडी खांबांवर मार्ग उभारला आणि ४ फेब्रुवारी १८९३ रोजी लॉर्ड सॉल्झबरी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. न्यूयॉर्कच्या उन्नत गाड्या त्या काळी वाफेच्या इंजिनांनी पादचाऱ्यांवर राख व ठिणग्या उधळीत धावत असता, ही गाडी मात्र आरंभापासून विजेवर चाले. या प्रकारातील ती जगातील पहिलीच. (१८९६ साली वाढविलेल्या या अधांतरी मार्गाचे डिंगल येथील टोक भुयारात होते, हा विरोधाभास प्रस्तुत संपादकास मोठा मौजेचा वाटतो.)

रुळांखालील पत्र्यांतून पाणी गळत नसल्याने पावसात गोदी कामगार त्यांच्या आडोशाने चालत आणि या मार्गास आपली छत्री म्हणत. परंतु खालून जाणाऱ्या गोदीच्या वाफेच्या इंजिनांचा धूर व वाफ त्याच पत्र्यांना साठ वर्षे आतून कुरतडीत राहिली. १९४८ च्या राष्ट्रीयीकरणातून हा मार्ग वगळला गेल्याने, १९५५ च्या पाहणीत दुरुस्तीचा अदमास सुमारे वीस लाख पौंड निघाला तेव्हा तो बोजा एकट्या कंपनीच्या ऐपतीबाहेरचा ठरला. ३० डिसेंबर १९५६ रोजी वाहतूक बंद झाली. पुढील वर्षी सांगाडा मोडीत निघू लागला.