भाषेसाठी देशांतर

धुळ्याहून सुरतेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, नवापूर तालुक्यात, विसरवाडी नावाचे गाव लागते. १९९८ साली नंदुरबार जिल्हा निराळा होईपर्यंत ते धुळे जिल्ह्यात मोडत असे. गुजरातची सीमा येथून फार दूर नाही. त्यामुळे येथील बाजारात घटकाभर उभे राहणाऱ्याच्या कानी मावची पडते, अहिराणी पडते, गुजराती पडते, आणि शाळा-कचेरीची मराठी तर पडतेच. ह्यांतील दोन-तीन भाषा तुला केव्हा आल्या, असे तेथील एखाद्या मुलास विचारले तर त्यास ते सांगता यावयाचे नाही. देवघेव, खेळ आणि भांडण ह्या तीन गुरूंनी त्या त्यास शिकविलेल्या असतात.

परंतु जी भाषा आपल्या पंचक्रोशीत कोणीच जाणत नाही, ती ज्यास हवी असेल त्याने काय करावे? त्यास घर सोडणे भाग पडते, आणि घर सोडावयाचे ठरले की जावे कोठे हा प्रश्न पुढे येतो. पुष्कळ लोक तो देशाच्या कीर्तीवरून सोडवितात. गोमंतकातील साखवाळ गावी १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी ह्यांनीही आरंभी तसेच केले, आणि तो निवाडा त्यांस बदलावा लागला.

शाळेचे शिक्षण बेताचे, इंग्रजी जवळजवळ नाही, घरी नारळीच्या बागा. 'बालबोधमेवा' ह्या मासिकात त्यांनी बुद्धाविषयी वाचले आणि बुद्धाचा धर्म मुळापासून जाणून घेण्याचा ध्यास त्यांस लागला. १८९९ च्या अखेरीस पत्नी व तान्ही मुलगी ह्यांस मागे ठेवून ते बाहेर पडले. ह्या एका गोष्टीची किंमत घरच्या माणसांनी किती मोजली असेल, ह्याचा विचार कोसंबींचे गुणगान करताना सहसा होत नाही. तो व्हावयास पाहिजे.

पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांची भेट झाली. आधी संस्कृत पक्के करणे अवश्य होते, म्हणून ते ग्वाल्हेरवरून काशीस गेले. काशीच का? तेथे शास्त्री होते हे तर खरेच. पण अन्नछत्रेही होती. ज्याच्या कनवटीस पैसा नाही अशा विद्यार्थ्यास एक वेळचे जेवण फुकट मिळणे ही गोष्ट विद्वान गुरूइतकीच मोलाची असते. काशीचे शेकडो वर्षांचे विद्यापीठपण पाठशाळांइतकेच ह्या छत्रांवर उभे होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती व्हावयाची नाही.

ह्यापुढची निवड मात्र चुकली. नेपाळ म्हणजे बुद्धाच्या जन्मभूमीचा प्रदेश. तेथे बौद्ध धर्म अद्यापि नांदत आहे. तेव्हा तेथे जावे, असा त्यांचा तर्क होता. मोठ्या कष्टाने ते १९०२ च्या आरंभी तेथे पोहोचले. परंतु जो धर्म त्यांस शिकावयाचा होता त्याचे अध्ययन त्यांस तेथे आढळले नाही. पशुबळी मात्र दृष्टीस पडले. निराश होऊन ते परतले. बुद्धगयेस एका भिक्षूने त्यांस सांगितले की, पाली ग्रंथ शिकावयाचे असतील तर सिंहलद्वीपास जा. नकाशावर पाहिले तर बुद्धाच्या भूमीपासून हे बेट किती दूर! पण पाली भाषेचे घर आता तेथे होते. ती कोणाच्या चुलीपाशी बोलली जात नव्हती हे खरे. तथापि विहारांतून ती रोज पठणात होती, आणि तोंडी परंपरेने ती शिकविणारे गुरू हयात होते.

कलकत्त्याच्या महाबोधी सभेच्या आधाराने त्याच वर्षी कोसंबी कोलंबोस पोहोचले. तेथील विद्योदय विद्यालय सुमंगलाचार्यांनी १८७३ साली स्थापिले होते. त्यांच्यापाशीच कोसंबींनी श्रामणेर-दीक्षा घेतली. ग्रंथ सिंहली लिपीत, तेव्हा ती लिपी आधी गिरवावी लागली. तेथील अन्न त्यांच्या प्रकृतीस मानवेना. काशीच्या छत्रातील वरणभाताची आठवण त्यांस झाली असल्यास नवल नाही. पुढे ते ब्रह्मदेशातही राहिले व तेथील लिपीत तेच ग्रंथ वाचू लागले. ह्या दुहेरी खटपटीचे फळ पुढे दिसले. १९१० साली हार्वर्ड विद्यापीठाने त्यांस 'विशुद्धिमार्ग' ह्या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी बोलाविले, तेव्हा वॉरेन ह्या पंडिताने जमविलेल्या हस्तलिखितांपैकी काही ब्रह्मी लिपीत होती व काही सिंहली. तोच ग्रंथ त्यांनी १९४० साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनातर्फे देवनागरीत आणला. दरम्यान सयाजीराव महाराजांनी दरमहा ५० रुपये देऊ केले होते, ते महाराष्ट्रातील एखाद्या शहरी राहण्याच्या अटीवर. आणि कलकत्त्याची अधिक वेतनाची जागा सोडून कोसंबींनी ते पत्करले. १९१२ पासून ते फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले. ज्या भाषेसाठी त्यांस समुद्र ओलांडावा लागला, ती आता पुण्याच्या विद्यार्थ्यास घरचे जेवण जेवून शिकता येऊ लागली.

दुसरे उदाहरण अगदी उलट प्रकारचे आहे. आज स्पॅनिश शिकू इच्छिणारा तरुण स्पेनचे नाव प्रथम घेतो, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु ही भाषा सुमारे वीस देशांची राजभाषा आहे, आणि ती सर्वत्र एकसारखी बोलली जात नाही. माद्रिदचा माणूस काही अक्षरे जीभ दातांत धरून उच्चारतो. मेक्सिकोत तेथे साधा 'स' असतो. मित्रमंडळीस 'तुम्ही' म्हणण्याचे सर्वनामही दोन्हीकडे निराळे.

वर्ध्याकडील पांडुरंग सदाशिव खानखोजे ह्यांच्यापुढे मात्र अशी निवड नव्हतीच. गदर चळवळीचे हे क्रांतिकारक जपान, अमेरिका, इराण, जर्मनी व रशिया इतके देश हिंडले. मायदेशी परतावे तर इंग्रजांचा तुरुंग. अमेरिकेतील विद्यार्थिदशेत मेक्सिकन लोकांशी जुळलेला स्नेह कामी आला आणि १९२४ साली ते मेक्सिकोस गेले. त्यांस भाषा नको होती, आसरा हवा होता; आणि शेतकीचे शिक्षण झालेले असल्यामुळे चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात अध्यापनाचे काम मिळाले. वर्गात उभे राहावयाचे तर स्पॅनिशवाचून गत्यंतर नव्हते.

त्यांची स्पॅनिश ह्या कामामुळे शेताच्या बांधावरची झाली. मक्याच्या नव्या वाणांवरील त्यांच्या पुस्तिका ह्याच भाषेत निघाल्या, आणि गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी मुक्त कृषिशाळा चालविल्या. मेक्सिकोचा शेतकरी मक्याच्या शेतास 'मिल्पा' म्हणतो व कोवळ्या कणसास 'एलोते'; हे शब्द स्पेनचे नव्हेत, तेथील मूळच्या नावात्ल भाषेतून स्पॅनिशमध्ये शिरलेले आहेत. माद्रिदच्या वर्गात बसून ते कानी पडण्याचा संभव फार थोडा. डिएगो रिव्हेरा ह्या थोर चित्रकाराने मेक्सिको शहरातील शिक्षणखात्याच्या इमारतीच्या भिंतीवर, पाव वाटून खाणाऱ्या कष्टकऱ्यांच्या मेळ्यात, खानखोजे ह्यांचीही आकृती रेखाटली. हिंदुस्थान स्वतंत्र झाल्यावर ते परतले, आणि १९६७ साली नागपुरास वारले.