‘सर्व’ ते ‘बहुतेक’

जानेवारी २००७ मध्ये जीसीसी या कंपायलरच्या दोषनोंदींत ३०४७५ क्रमांकाची तक्रार दाखल झाली. सोबत नमुन्यादाखल जोडलेला प्रोग्रॅम अगदीच छोटा. त्यात एक तपासणी होती: ‘ए’मध्ये १०० मिळवल्यावर येणारे उत्तर ‘ए’पेक्षा मोठे आहे ना? नसेल तर प्रोग्रॅमने तिथेच थांबायचे. ‘ए’ला ३२ बिटांत मावणारा सर्वांत मोठा चिन्हयुक्त पूर्णांक दिला होता, २१४७४८३६४७. बेरीज मावली नाही आणि फिरून −२१४७४८३५४९ झाली. हा ऋण आकडा पुढच्या ओळीने छापलासुद्धा, पण तपासणीने हूं की चूं केले नाही. कंपाइल झालेल्या कोडमध्ये ती उरलीच नव्हती.

तक्रारीवर शेरा पडला: ‘अवैध’. म्हणजे कंपायलरचा दोष नाही. चिन्हयुक्त पूर्णांकाचा ओव्हरफ्लो, म्हणजे उत्तर ठरलेल्या बिटांत न मावणे, सी भाषेत ‘अनडिफाइन्ड’ आहे, तो झाला तर काय व्हावे याबद्दल भाषेचे प्रमाण कसलेच बंधन घालत नाही. तेव्हा ओव्हरफ्लो होतच नाही असे कंपायलर धरून चालतो. तसे धरले की ‘ए अधिक १००’ कायमच ‘ए’पेक्षा मोठे, आणि तपासणी फालतू म्हणून गळते.

बेरीज फिरून ऋण होते हा भरवसा प्रोग्रॅमरांकडे आला कुठून? कर्निघन आणि रिची यांच्या सी भाषेवरील पुस्तकाच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्या की माग लागतो. १९७८च्या आवृत्तीच्या परिशिष्टात ओव्हरफ्लोची हाताळणी यंत्रावर अवलंबून असल्याचे म्हटले आहे. पण लगेच पुढे, सध्याचे सर्व कंपायलर पूर्णांकांच्या ओव्हरफ्लोकडे दुर्लक्ष करतात, असेही नोंदवले आहे. १९८८च्या दुसऱ्या आवृत्तीत तीच जागा पाहावी. ‘यंत्रावर अवलंबून’ जाऊन ‘भाषेने ठरवलेले नाही’ आले. ‘सर्व’चे ‘बहुतेक’ झाले. आणि शेवटी, याची हमी नाही, अशी पुस्ती जोडली गेली.

पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, अमेरिकेचे एएनएसआय प्रमाण आले. पदावलीचे उत्तर तिच्या प्रकारात मावले नाही तर वर्तन अनडिफाइन्ड, असे त्यात स्पष्ट आहे. पण समितीने सोबत दिलेल्या कारणमीमांसेत पूर्णांकांच्या रूपांतराची चर्चा करताना, त्या काळच्या बहुतेक कंपायलरांत ओव्हरफ्लो निमूटपणे फिरतो, हेही ओघात मान्य केले आहे. त्याच कारणमीमांसेत अन्यत्र, पकडायला अवघड अशा काही चुका न पकडण्याची मुभा कंपायलर लिहिणाऱ्याला अनडिफाइन्ड वर्तनामुळे मिळते, असा खुलासा आहे. चूक न पकडण्याची ही मुभा होती. प्रोग्रॅमरने स्वतः लिहिलेली पकड काढून टाकण्याचा उल्लेख त्या खुलाशात नाही. पण प्रमाणाच्या कलमात तशी मनाईही नाही. २००७ मध्ये वाद झाला तो या फटीत.

कंपायलरवाल्यांची बाजू पोकळ नव्हती. ६४ बिटांच्या यंत्रावर ३२ बिटांच्या चलाने ॲरेवरून फिरणारा लूप घ्या. चल मध्येच फिरून ऋण होऊ शकतो असे मानले, तर दर फेरीला तो ६४ बिटांपर्यंत नव्याने ताणावा लागतो आणि फेऱ्या किती होतील हेही आधी सांगता येत नाही. ओव्हरफ्लो नाहीच असे धरले की दोन्ही कटकटी संपतात.

मे २००७ मध्ये जीसीसी ४.२ आला. त्याच्या माहितीपत्रकात हे गृहीतक चालू-बंद करणारा पर्याय आहे, इशारा देणारा वेगळा पर्याय आहे आणि एक उदाहरणही: १पासून दर फेरीला दुप्पट होणारा, किंमत धन आहे तोवर चालणारा लूप. ओव्हरफ्लो झाला की थांबावे, हा तो लिहिणाऱ्याचा हेतू असणार, असे पत्रक स्वतःच म्हणते. आणि कंपायलर त्याचा न संपणारा लूप करू शकेल, हेही सांगते. मात्र जानेवारीची तक्रार ४.१ मालिकेबद्दल होती. म्हणजे पर्यायाला नाव मिळण्याआधीच हे गृहीतक कामाला लागले होते.

एप्रिल २००८ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातील सर्ट या संगणक-सुरक्षा केंद्राने इशारा काढला. तो मेमरीतील पत्त्यांच्या बेरजेतील अशाच गळलेल्या तपासण्यांबद्दल होता. पहिल्या मथळ्यात जीसीसीचे नाव होते. नंतर ते काढून ‘सी कंपायलर’ असे अनेकवचन घातले गेले. इतर कंपायलरही तेच करत होते.

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सीच्या प्रमाणाने ऋण आकडे साठवण्याची एकच पद्धत, टूज कॉम्प्लिमेंट, सक्तीची केली. ओव्हरफ्लो सांगणारी बेरीज-वजाबाकीची साधनेही दिली. पण साध्या बेरजेतला ओव्हरफ्लो अनडिफाइन्डच ठेवला. १९७८ मध्ये ही मोकळीक तऱ्हेतऱ्हेच्या यंत्रांसाठी होती. आता आकडे साठवण्याची तऱ्हा एकच उरली, तरी मोकळीक कायम आहे, कारण मधल्या काळात ती ऑप्टिमायझरच्या, म्हणजे कोड वेगवान करणाऱ्या कंपायलरच्या भागाच्या, वहिवाटीत गेली.