चंद्राच्या फितींचा जीर्णोद्धार

ज्ञान संग्रहीं असणें आणि तें हाताशीं येणें या दोन गोष्टी एक नव्हेत. पुण्याच्या पेशवे दफ्तरांतील रुमाल कितीही सुरक्षित असले, तरी मोडी वाचणारा न उरल्यास ते मुकेच राहतील. अमेरिकेंतील चंद्रचित्रांची हकीकत याच जातीची आहे.

सन १९६६ व १९६७ मध्यें अमेरिकेनें 'लुनार ऑर्बिटर' नांवाचीं पांच यानें चंद्राकडे धाडलीं. मनुष्य उतरविण्याजोगी जागा शोधणें हा त्यांचा मुख्य हेतु. छायाचित्रें यानांतच फिल्मवर घेऊन तेथेंच धुतलीं जात, व मग रेषेरेषेनें संदेशरूपानें पृथ्वीवर येत. ते संदेश चुंबकीय फितींवर नोंदले गेले. लोकांनीं त्या वेळीं पाहिलेलीं चित्रें मात्र नकलेवरून नकल होऊन फिकीं पडलेलीं होतीं. अस्सल तपशील फितींतच राहिला.

फिती सुमारें दीड हजार. परंतु त्या वाचणारीं अँपेक्स कंपनीचीं 'एफआर-९००' यंत्रें प्रचारांतून गेलीं. फिती टाकून देण्याची वेळ आली, तेव्हां नॅन्सी एव्हन्स या बाईंनीं त्यास नकार दिला. त्यांनीं अशीं चार यंत्रें मिळवून स्वतःच्या मोटारखान्यांत वर्षानुवर्षें सांभाळलीं.

पुढें डेनिस विंगो व कीथ कॉविंग यांनीं हें कार्य हातीं घेतलें. कॅलिफोर्नियांतील एम्स संशोधनकेंद्राच्या आवारांत मॅकडोनाल्ड्सचें एक बंद पडलेलें उपाहारगृह होतें. तेथें यंत्रें मांडण्यांत आलीं. झिजलेलें वाचनमुख जुन्या फितीस ओरखडे पाडूं शकतें. म्हणून अशा कामांत आधीं यंत्राची पारख, मगच अस्सल फितीस हात, असा क्रम असतो. एकाचे भाग दुसऱ्यास जोडून यंत्र चालतें झालें, आणि खुणांतून मूळ संदेश वेगळा काढणारें साधन नव्यानें सिद्ध करावें लागलें.

नोव्हेंबर २००८ मध्यें पहिलें फळ हातीं आलें. तें होतें २३ ऑगस्ट १९६६ रोजीं घेतलेलें, चंद्राच्या क्षितिजावरील पृथ्वीचें चित्र. पूर्वींच्या प्रतींहून कितीतरी स्पष्ट.

याच्या उलट, 'अपोलो ११' च्या चंद्रावतरणाच्या मूळ फिती पुसून पुन्हां वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष २००९ सालीं नासाला काढावा लागला. पुसलेल्या फितीपुढें कोणतेंही यंत्र हतबल असतें. म्हणून जुन्या नोंदी राखणाऱ्यानें त्या वाचण्याचें साधन व तें चालविण्याची विद्या, दोन्ही राखलीं पाहिजेत.