आठ वर्षांच्या मुलीची साक्ष

फौजदारी न्यायालयात लहान मुलाच्या शब्दाला किती वजन द्यावे, हा प्रश्न निघाला की वकील आजही डिसेंबर १९५१च्या एका निकालाकडे वळतात : रामेश्वर विरुद्ध राजस्थान राज्य.

साक्षीदार होती आठ वर्षांची मुलगी. अत्याचार तिच्यावरच झाला होता. शपथेचे पावित्र्य तिला कळत नाही, अशी नोंद करून सहायक सत्र न्यायाधीशांनी शपथेविनाच तिची साक्ष घेतली. आरोपीला एक वर्षाची सक्तमजुरी झाली.

अपिलात मात्र विलक्षण प्रकार घडला. मुलगी खरे बोलते, याची सत्र न्यायाधीशांना नैतिक खात्री पटली होती. परंतु तिच्या शब्दाला कायद्याला मान्य होईल अशी पुष्टी नाही, म्हणून त्यांनी आरोपीला सोडून दिले. विश्वास बसला, तरीही सुटका! उच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा कायम केली आणि प्रकरण दिल्लीला पोहोचले.

तेथे निकाल लिहिला विवियन बोस यांनी. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशपद सांभाळून ते त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात आले होते. त्यांनी दोन गाठी सोडवल्या. शपथ दिली नाही एवढ्याने साक्ष बाद होत नाही. फार तर तिच्या विश्वासार्हतेचा प्रश्न उद्भवतो. आणि पुष्टीचा आग्रह हा कायद्याचा अटळ नियम नसून सावधगिरीचा नियम आहे : न्यायाधीशाने तो मनात बाळगावा, पण प्रत्येक खटल्यात पुष्टी हवीच असे नाही. येथे तर घटनेनंतर काही तासांतच मुलीने आईला सांगितलेली हकीकत पुष्टी म्हणून ग्राह्य धरली गेली. अपील फेटाळले गेले.

सत्य बोलण्याचे कर्तव्य मुलाला कळते की नाही, याविषयीचे मत न्यायाधीशांनी नोंदवावे, असेही बोस यांनी बजावले. आजही साक्षीपूर्वी न्यायाधीश मुलाला नाव, शाळा, खरे-खोटे यांविषयी साधे प्रश्न विचारतात, ते यासाठीच. पुढे १९६९च्या शपथ कायद्याने बारा वर्षांखालील अशा साक्षीदारास शपथेतून मोकळे केले.

मुलाचे ऐकावे, हे ठरले. कसे ऐकावे, हे ठरायला अर्धे शतक लागले. आरोपी समोर उभा आणि वकिलाचा उलटतपास थेट मुलावर, ही पद्धत तशीच होती. साक्षी या संस्थेच्या याचिकेवर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पडद्याची सोय, न्यायाधीशांमार्फत प्रश्न आणि साक्षीत विश्रांती यांचे निर्देश दिले. २०१२च्या पोक्सो कायद्यात त्यांना कलमांचे रूप मिळाले : आक्रमक प्रश्नांना मनाई, मुलाला वारंवार न्यायालयात न बोलावणे, बंद दाराआड सुनावणी.

कलम ३५ सांगते : दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो एका वर्षात खटला पूर्ण. तो ‘शक्यतो’ फार लांबू लागला. अखेर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि शंभराहून अधिक गुन्हे नोंदलेल्या प्रत्येक जिल्ह्यात केवळ याच खटल्यांसाठी, केंद्राच्या खर्चाने, स्वतंत्र न्यायालय उभारण्याचा आदेश दिला.