साडेदहा सेकंदांचे अंतर

जुलै १९८०मध्ये मॉस्को ऑलिंपिकमध्ये महिलांची ४०० मीटर वैयक्तिक मेडले शर्यत झाली. तिचा निकाल तीन ओळींत मावतो. पूर्व जर्मनीची पेट्रा श्नायडर, ४ मिनिटे ३६.२९ सेकंद, नवा जागतिक विक्रम. ब्रिटनची शॅरन डेव्हिस, ४ मिनिटे ४६.८३ सेकंद. पोलंडची अग्निएश्का चोपेक, ४ मिनिटे ४८.१७ सेकंद. साहित्याच्या अभ्यासकाने या तीन ओळींपाशी का थांबावे, असा प्रश्न कोणी केला तर तो रास्तच आहे. दुसरी आणि तिसरी यांच्यात जेमतेम सव्वा सेकंदाचे अंतर असताना पहिली आणि दुसरी यांच्यात ते साडेदहा सेकंदांचे आहे. या अंतराचे स्पष्टीकरण आज जगजाहीर आहे. तरीही पाठ मात्र आहे तसाच छापला जातो. पाठ आणि त्याचा अर्थ यांच्यातला हा दुरावा हा आपल्याच विषयाचा भाग आहे, असे मला वाटते.

आधी या शर्यतीविषयी थोडे. वैयक्तिक मेडलेमध्ये एकाच जलतरणपटूने बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक आणि फ्रीस्टाइल या क्रमाने, प्रत्येकी १०० मीटर पोहायचे असते. बटरफ्लाय हा मुळात ब्रेस्टस्ट्रोकच्या पोटातून निघालेला प्रकार. १९५२नंतर तो नियमाने वेगळा झाला आणि मगच चार प्रकारांच्या या शर्यतीला अर्थ आला. ऑलिंपिकमध्ये तिचा प्रवेश १९६४चा, तोक्योत. एखाद्या प्रकारात असामान्य असून येथे भागत नाही; कोठेही कच्चे राहून चालत नाही. म्हणूनच जलतरणातील सर्वांगीण कसोटी म्हणून या शर्यतीला मान आहे.

तोक्योत अमेरिकेची डॉना डी व्हरोना ५ मिनिटे १८.७ सेकंदांत जिंकली. १९७२मध्ये म्युनिकला ऑस्ट्रेलियाची गेल नील ५ मिनिटे २.९७ सेकंदांपर्यंत आली. म्हणजे आठ वर्षांत सुमारे पावणेसोळा सेकंदांची घट. पुढच्या चारच वर्षांत, माँट्रियलला, पूर्व जर्मनीच्या उलरिके टाउबरने ४ मिनिटे ४२.७७ सेकंद अशी वेळ नोंदवली. वीस सेकंद! इथेच बोट ठेवून ‘पाहा’ म्हणण्याचा मोह होतो. पण तो आवरला पाहिजे. कारण त्याच शर्यतीत दुसरी आलेली कॅनडाची शेरिल गिब्सन ४ मिनिटे ४८.१० सेकंदांत पोहली होती. म्हणजे तीही नीलपेक्षा जवळजवळ पंधरा सेकंदांनी वेगवान होती. सरावाचे प्रमाण वाढले होते, तंत्र सुधारले होते, पोहताना चष्मा लावण्याची मुभाही ऑलिंपिकमध्ये माँट्रियललाच मिळाली होती. प्रगती खरीच होती. फसवणूक ओसाड माळावर उभी राहत नाही, ती खऱ्या पिकात मिसळून उगवते आणि म्हणून तिचे निदान अवघड होते.

तथापि संशय घेणारे त्या वेळीही होते. म्युनिकला पूर्व जर्मनीच्या महिला जलतरणपटूंना एकही सुवर्णपदक मिळाले नव्हते. माँट्रियलला १३पैकी ११ मिळाली. जेमतेम पावणेदोन कोटी वस्तीचा हा देश! अमेरिकेच्या शर्ली बाबाशॉफने या मुलींच्या घोगऱ्या आवाजांविषयी आणि पुरुषी बांध्याविषयी उघड शंका घेतली. तिच्या वाट्याला काय आले? तिच्याच देशातील वृत्तपत्रांनी तिला हरल्यामुळे चिडलेली ठरवले आणि तिच्या नावाशी यमक जुळवून ‘तिरसट’ या अर्थाचे टोपणनाव दिले. आवाजांविषयी विचारल्यावर, आम्ही इथे पोहायला आलो आहोत, गायला नाही, असे उत्तर पूर्व जर्मन गोटातून मिळाल्याची हकिकत सांगितली जाते. हजरजबाबीपणाला दाद मिळाली आणि प्रश्न बाजूला पडला. साक्ष खरी असून चालत नाही, ती देणाऱ्याच्या तोंडी शोभावी लागते. पराभूताच्या तोंडी ती तक्रार ठरते, आणि पराभूत स्त्रीच्या तोंडी तर मत्सर.

खरे काय ते कळायला बर्लिनची भिंत पडावी लागली. रेणुजीवशास्त्रज्ञ वेर्नर फ्रांके आणि त्यांच्या पत्नी, स्वतः माजी थाळीफेकपटू असलेल्या ब्रिगिट बेरेंडोंक, यांनी बाड सारोव येथील लष्करी वैद्यकीय अकादमीतून गोपनीय कागदपत्रे मिळवली. बेरेंडोंक यांचे पुस्तक १९९१मध्ये प्रसिद्ध झाले. १९७४पासून ‘राज्य योजना विषय १४.२५’ या निरस नावाखाली खेळाडूंना पुरुषी संप्रेरकांसारखी औषधे देण्याची व्यवस्था सरकारनेच चालवली होती. ओरल-ट्युरिनाबोल नावाच्या निळ्या गोळ्या त्यांत प्रमुख होत्या. अशा औषधांचा परिणाम स्त्रीदेहावर अधिक होतो, म्हणून मुलींवर भर. अनेकींना ती जीवनसत्त्वे असल्याचे सांगितले जाई. परदेशी जाण्यापूर्वी क्रायशा येथील प्रयोगशाळेत तपासणी होई, ती पकडण्यासाठी नव्हे तर पकडले न जाण्यासाठी. मॉस्कोत अधिकृतपणे एकही खेळाडू दोषी सापडला नाही, याचे आता आश्चर्य वाटत नाही. जाता जाता एक गोष्ट नोंदवण्याचा मोह आवरत नाही. सापडलेल्या कागदांत डॉक्टरेटचे गोपनीय प्रबंधही होते. कोणीही वाचू नये म्हणून लिहिलेला प्रबंध! आपल्या विद्यापीठांत ही स्थिती विनासायास साधते. तेथे त्यासाठी शिक्के मारावे लागले.

आता पुन्हा मॉस्कोच्या तलावाकडे. श्नायडर आणि डेव्हिस, दोघीही तेव्हा सतरा वर्षांच्या. डेव्हिसला तिचे वडीलच शिकवत. १९७८च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दोन्ही वैयक्तिक मेडले जिंकल्या होत्या. श्नायडर कार्ल-मार्क्स-श्टाट या गावची, राज्याच्या क्रीडायंत्रणेत घडलेली. श्नायडरने पुढे स्वतःच कबूल केले की, तो विजय औषधांच्या बळावरचा होता. ही कबुली कोणत्याही न्यायालयाच्या निकालापेक्षा मला मोलाची वाटते. निकालही लागले: जुलै २०००मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने क्रीडासंघटनेचे माजी प्रमुख मानफ्रेड एवाल्ड आणि वैद्यकीय प्रमुख मानफ्रेड ह्योप्नर यांना खेळाडूंना शारीरिक इजा पोहोचवण्यास साहाय्य केल्याबद्दल दोषी ठरवले. शिक्षा अनुक्रमे २२ आणि १८ महिन्यांची, तीही स्थगित. खटल्याची भाषा लक्षात घेण्याजोगी आहे. न्यायालयाच्या लेखी गुन्हा शर्यतीविरुद्ध नव्हता, मुलींच्या देहांविरुद्ध होता. त्या खटल्याच्या तर्काने पाहिले तर श्नायडर ही गुन्ह्याची लाभार्थी नव्हे, पीडित ठरते.

मग पहिल्या ओळीचे काय करायचे? पदकांचा फेरविचार व्हावा, अशी मागणी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस झाली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ती नाकारली. पाठचिकित्सेची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना हे चमत्कारिक वाटते. नाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तेव्हा शिरलेले अपपाठ दूर करता येतात हा विश्वास त्यामागे होता. पण हा अपपाठ नाही, हीच अडचण आहे. घड्याळाने मोजलेला आकडा बिनचूक आहे. मजकूर शुद्ध आहे आणि विधान खोटे. शिवाय ओळ खोडायची म्हटली तर कोणाच्या नावाची खोडायची? जिच्या देहावर प्रयोग झाला, तिच्याच नावाची. न खोडावी तर डेव्हिसचे सुवर्णपदक कायमचे बुडते. आणि डेव्हिसला पहिली म्हणावे तर आणखी एक नाव आठवते: अमेरिकेची ट्रेसी कॉकिन्स. १९७८च्या जागतिक स्पर्धेत तिने हीच शर्यत विश्वविक्रमासह जिंकली होती. अमेरिकेच्या बहिष्कारामुळे ती मॉस्कोत नव्हतीच. माझा कौल नाव काढण्याकडे नाही, टीप घालण्याकडे आहे: ओळ राहू द्यावी, पण तिच्याखाली ती कशी घडली हे छापावे आणि डेव्हिसला तिचे पदक द्यावे. दोन सुवर्णपदकांनी काही आकाश कोसळत नाही.

श्नायडरची वेळ पुढे बराच काळ भिंतीसारखी उभी राहिली. १९८२मध्ये तिने स्वतःच ती ४ मिनिटे ३६.१० सेकंदांवर आणली. हा विश्वविक्रम १९९७पर्यंत टिकला. मॉस्कोचा ऑलिंपिक विक्रम तर वीस वर्षे अभंग होता. १९८८मध्ये जॅनेट इव्हान्स ४ मिनिटे ३७.७६ सेकंदांत जिंकली. १९९२मध्ये हंगेरीची क्रिस्टिना एगरसेगी ४ मिनिटे ३६.५४ सेकंदांत, म्हणजे पाव सेकंदाने मागे. अखेर २०००मध्ये सिडनीला युक्रेनच्या याना क्लोचकोव्हाने तो मोडला. मधल्या प्रत्येक विजेतीची तुलना निळ्या गोळ्यांशी होत राहिली, आणि समालोचकांनी ती ‘विक्रम हुकला’ या शब्दांत केली असणार. कॉकिन्सला तिचे सुवर्णपदक १९८४मध्ये लॉस एंजेलिसला मिळाले, ४ मिनिटे ३९.२४ सेकंदांत. त्या वर्षी बहिष्कार पूर्वेकडच्या देशांचा होता आणि पूर्व जर्मनीची कोणी तलावात नव्हती.