सांध्याच्या पोटातला लेप

फायबरग्लासच्या होडीत रेलिंगच्या खांबाखालून पाणी गळू लागले की बहुतेक जण बैठकीच्या कडेने सिलिकॉन फासतात, आणि गळती परतून येते. जाणता कारागीर खांबच काढतो, जुना लेप खरवडतो, बोल्टच्या भोकाचे तोंड उतरते करतो, त्यात ब्यूटाइल रबर भरतो आणि बोल्ट हळूहळू आवळतो. ब्यूटाइलचा शोध १९३७ सालचा, अमेरिकेतला. म्हणून ही रीतही तेवढीच नवी वाटते. माझ्या मते ती शतकांनी जुनी आहे आणि तिची एक थोर शाखा सुरत-मुंबईच्या गोद्यांत वाढली.

जहाजे बांधणारे लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली मुंबईत आले ते सुरतेची सुतारकी घेऊन. तिथे फळ्या नुसत्या कडेला कड लावून जोडत नसत. एकीच्या कडेत खाच आणि दुसरीला तिच्यात बसणारी जीभ, असा हा 'वाधेरा'. फळी बसवण्याआधीच सांध्यात कापूस आणि राळ घालत, मग ती आवळत. दाबला गेलेला लेप बारीकशा पोकळीतही शिरतो. बाहेरून फासलेल्याला असा दाब कधी मिळतच नाही. खांब हलला की असा लेप कडेपासून सुटतो.

यावर कोणी म्हणेल, युरोपातली जहाजे तर फळ्या बसल्यावर बाहेरूनच बुजवत आणि तीही जगभर फिरली. खरे आहे. पण तिथे फट बाहेर रुंद, आत निमुळती ठेवून तिच्यात जुन्या दोरांचे पिंजलेले धागे हातोडीने ठासत. म्हणजे तिथेही काम दाबाचेच. शिवाय बोल्टच्या डोक्याखाली सफेद्यात भिजवलेल्या धाग्यांचे कडे आधीच घालत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: श्रेय सांध्याचे नव्हे, सागाचे. साग ओलीने फार फुगत नाही, सहसा कुजत नाही. १८१७ साली मुंबईत सागात बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही नौका आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर आहे. सागाचा हा वाटा मी मान्य करतो. पण लाकूड लेपाला जागेवर टिकू देते, त्याला आत पोचवत नाही. फायबरग्लासमध्ये साग नाही, तरी नियम तोच लागू पडतो. उलट तिथे तो अधिक कडक होतो, कारण अनेक डेकच्या दोन थरांमध्ये बाल्साचे मऊ लाकूड असते आणि बोल्टच्या भोकातून उतरलेले पाणी ते आतल्या आत कुजवते. म्हणून अशा डेकवर भोक आधी मोठे करून इपॉक्सीने भरावे, ते सुकल्यावर त्यातूनच नवे भोक पाडावे, आणि मगच लेपाला हात घालावा.